जुनापाणीचीं शिलावर्तुळें

नागपुराहून काटोलच्या रस्त्यानें वायव्येस सुमारें सहा मैल गेलें म्हणजे जुनापाणी लागतें. तेथील माळावर काळ्या धोंड्यांचीं सुमारें तीनशें वर्तुळें पसरलेलीं आहेत. धोंड्यांनीं आंखलेला घेर आणि आंत मुरूम व मातीचा बसका उंचवटा, एवढीच त्यांची बाह्य रचना. पूर्वीचे लोक त्यांचा संबंध गवळी राजांशीं जोडीत.

हीं मृतांचीं स्मारकें होत. रिव्हेट-कार्नाक यांनीं येथें खोदून १८७९ सालीं बंगालच्या एशियाटिक सोसायटीच्या नियतकालिकांत वृत्तांत छापला. लोखंडी कुऱ्हाडी, घोड्याच्या तोंडांतील कडीं व मातीचीं भांडीं त्यांस मिळालीं. १९६१-६२ सालीं थापर यांनीं येथें पुनः उत्खनन केलें. पुढें माहुरझरीस ताम्रभूषणांसह पुरलेले घोडे व नायकुंडास लोखंड गाळण्याची भट्टी निघाली, त्यामुळें या लोकांचा काळ इसवी सनापूर्वींच्या पहिल्या सहस्रकांत पडतो. (या वर्तुळांपायीं एक बळीहि गेला आहे. टाकळघाटचीं वर्तुळें पाहून घोड्यावरून परततांना रेव्हरंड स्टीफन हिस्लॉप ४ सप्टेंबर १८६३ रोजीं पूर आलेल्या ओढ्यांत बुडाले.)

शतपथ ब्राह्मणाच्या तेराव्या कांडांत दैवी प्रजा श्मशान चतुष्कोणी करतात, आसुरी व प्राच्य तें वर्तुळाकार करतात, असें सांगितलें आहे. हें वचन घेऊन जुनापाणीकडे धांवण्याचा मोह आमच्यासारख्या संस्कृताभ्यासकास होतोच. परंतु विदर्भ हा प्राच्य देश नव्हे, आणि वर्तुळ ही आकृति कोणासहि सुचण्याजोगी आहे. वाटोळें श्मशान ही दुसऱ्यांची रीत म्हणून ब्राह्मणकारांस ठाऊक होती, यापलीकडे त्या वचनावरून कांहीं निघत नाहीं.

आतां मुख्य गोष्ट. येथील कित्येक धोंड्यांवर वाटीसारखे लहान खळगे कोरलेले असून ते पुष्कळदां ओळीनें आहेत. रिव्हेट-कार्नाक यांस ते स्कॉटलंडांतील खळग्यांसारखे वाटले. केवळ साम्यावरून नातें जोडणें आम्हांस मान्य नाहीं. टाटा मूलभूत संशोधन संस्थेच्या अभ्यासकांनीं अलीकडे दुसराच मार्ग धरला. खळग्यांचे धोंडे वर्तुळाच्या परिघावर कोणत्या दिशेस आहेत तें त्यांनीं मोजलें, आणि ते कांहीं विशिष्ट दिशांस एकवटलेले दिसले. त्यांचा आकाशाशीं संबंध होता कीं काय, हा वाद राहूं द्या. खळग्यांना अर्थ असलाच तर तो धोंड्याच्या जागेंत आहे, एवढें मात्र यावरून उघड होतें.

आमच्यासमवेत आलेल्या एका हस्तलिखितसंग्राहक स्नेह्यांनीं असा एक धोंडा संग्रहांत आणून ठेवावा असें सुचविलें. हेतु रक्षणाचा होता, तरी आम्हीं तत्काळ विरोध केला. सुटें पान संग्रहांत आलें तरी त्यावरील अक्षरें वाचतां येतात. हा धोंडा हालला कीं त्याचा पाठच गेला. कायद्यानें हें स्थळ भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या संरक्षणाखालीं आहे, तें निराळेंच. अखेर स्नेह्यांनींच होकायंत्र काढलें आणि आम्हीं धोंड्याची दिशा, मध्यापासूनचें अंतर व खळग्यांची संख्या टिपून घेतली. सभासदांपैकीं ज्यांच्या गांवशिवारांत अशीं वर्तुळें असतील त्यांनीं एवढ्याच तीन गोष्टी, धोंड्यास हात न लावतां, टिपून पाठवाव्या.