शब्दवेध : जेंट

प्रोग्रेसिव्ह मेटल या संगीतप्रकाराच्या एका पोटशाखेचं नाव आहे 'जेंट'. रोमन लिपीत त्याच्या सुरुवातीला एक मुका 'डी' लिहितात. देवनागरीत ती कटकट नाही. आपण जे ऐकू येतं तेच लिहितो.

या शब्दाला धातू नाही की प्रत्यय नाही. आहे तो निव्वळ आवाज. गिटारच्या जाड तारा सैल करून सूर खाली आणायचा, उजव्या तळव्याची कड तारांवर टेकवायची आणि आघात करायचा. अँप्लिफायरमधून जो आखूड, दबका, लोखंडी ठोका बाहेर पडतो, तो म्हणजे 'जेंट'. स्वीडनमधल्या उमिओ गावच्या 'मेशुगा' या 1987 सालच्या बँडकडे या शब्दाचं पितृत्व जातं. ('मेशुगा' म्हणजे यिडिश भाषेत वेडा!) त्यांचा गिटारवादक मार्टेन हागस्ट्रोम गमतीनं सांगतो की, सहकारी फ्रेड्रिक थोर्डेंडाल दारूच्या तारेत आपल्याला हवा असलेला नाद एका चाहत्याला तोंडानं काढून दाखवत होता, आणि त्यातून हे सगळं झालं. पुढे अमेरिकेतल्या 'पेरिफेरी' बँडच्या मिशा मन्सूरनं शब्द रुळवला.

तबल्याचे बोल तोंडानं म्हणणाऱ्या आपल्याला यात नवल वाटू नये. जेंटमध्ये गिटारची विषम मात्रांची आकृती चार मात्रांच्या ठेक्यावर सरकत राहते आणि बऱ्याच आवर्तनांनंतर समेवर येते, तेव्हा तर अजिबातच नाही. मात्र नादाचं नाव अख्ख्या शैलीला देणं मला जरा उतावीळच वाटतं. कथ्थकला 'छुमछुम' म्हटल्यासारखं.