वस्ताद : कोल्हापूरच्या कुस्तीतील गुरुपरंपरा

कोल्हापूरच्या कुस्तीचा इतिहास बहुधा दोन प्रकारे सांगितला जातो : एक राजर्षी शाहू महाराजांच्या राजाश्रयाचा आणि दुसरा मैदाने गाजवणाऱ्या नामांकित मल्लांचा. या दोन्हींना जोडणारा आणि राजाश्रय संपल्यानंतरही ही विद्या टिकवून धरणारा तिसरा घटक म्हणजे वस्ताद. वस्ताद म्हणजे तालमीचा गुरू. स्वतःची कुस्ती संपल्यानंतर तो आखाडा सोडून जात नाही, तर उरलेले आयुष्य खेड्यापाड्यांतून आलेल्या मुलांना घडवण्यात घालवतो. या व्यक्तीचे कार्य समजून घेतल्याशिवाय संस्थान विलीन झाल्यानंतरच्या काळात कोल्हापूरची कुस्ती का टिकली, याचा उलगडा होत नाही.

दख्खनमध्ये मल्लविद्येला राजाश्रय आणि शिस्तबद्ध शिक्षण या दोन्हींची जुनी परंपरा आहे. कल्याणीचा चालुक्य राजा सोमेश्वर तिसरा याने बाराव्या शतकात रचलेल्या ‘मानसोल्लास’ या संस्कृत ग्रंथात मल्लांचे प्रकार, त्यांचा आहार, व्यायाम आणि राजासमोरील कुस्त्या यांचे वर्णन येते. पेशवाईच्या अखेरीस दुसऱ्या बाजीरावाच्या आश्रयाला असलेल्या बाळंभटदादा देवधरांनी मल्लखांबाला पद्धतशीर रूप दिले आणि त्यांच्या शिष्यपरंपरेने ही विद्या पुढे अनेक प्रांतांत नेली. ग्रंथापेक्षा गुरूच्या देहातून शिष्याच्या देहात उतरणारी विद्या, हे या परंपरेचे स्वरूप तेव्हापासून फारसे बदललेले नाही.

कोल्हापुरात या परंपरेला आधुनिक काळात भक्कम अधिष्ठान मिळाले ते १८९४ मध्ये शाहू महाराजांनी राज्यकारभार हाती घेतल्यानंतर. महाराज स्वतः कुस्ती जाणणारे होते. त्यांनी देशभरातील नामवंत मल्लांना संस्थानात आश्रय दिला, तालमींना मदत केली आणि १९०२ मधील युरोप प्रवासात पाहिलेल्या रोमच्या भव्य क्रीडागाराच्या प्रेरणेने खासबाग मैदानाची उभारणी करवून घेतली. मध्यभागी आखाडा आणि भोवती चढत जाणाऱ्या पायऱ्या अशी रचना असलेले हे मैदान १९१२ मध्ये खुले झाले. कोणत्याही कोपऱ्यात बसलेल्या प्रेक्षकाला कुस्ती स्पष्ट दिसावी, हा विचार या रचनेमागे होता. बाहेरून आलेल्या मल्लांच्या सहवासात स्थानिक मल्लांना अनेक घराण्यांचे डाव पाहता व शिकता आले. मोतीबाग, गंगावेश, शाहूपुरी, मठ या तालमींची नावे महाराष्ट्रभर परिचित झाली, त्यामागे या काळाचा मोठा वाटा आहे.

तालीम ही केवळ व्यायामाची जागा नसते, तर ते निवासी गुरुकुल असते. दूरच्या खेड्यातून आलेला बारा-चौदा वर्षांचा मुलगा तेथेच राहतो, पहाटे आखाड्यात लढतींचा सराव करतो, संध्याकाळी जोर, बैठका आणि इतर मेहनत करतो आणि दूध, तूप, बदाम यांचा खुराक घेतो. आखाड्याची लाल माती चाळून तिच्यात हळद, ताक, तेल, लिंबाचा रस, काव असे जिन्नस मिसळतात, म्हणजे ती मऊ राहते आणि अंगाला अपाय करत नाही. ही माती उकरून लढतीयोग्य ठेवणे हे नव्या मुलाचे पहिले काम असते आणि त्या कामातूनच त्याला मेहनतीची सवय लागते. वस्ताद त्याच्या अंगाची ठेवण पाहून त्याला साजेसे डाव निवडतो. ठेंगण्या, चपळ मुलाला एकेरी पट काढायला शिकवावे की उंच, ताकदवान मुलाला ढाक लावायला, कोणाला कोणाशी लढवावे आणि कोणाला अजून वर्षभर मैदानापासून दूर ठेवावे, हे निर्णय त्याचेच असतात. शिष्याला तालमीच्या भाषेत पठ्ठा म्हणतात. पठ्ठ्याची झोप, आहार, संगत आणि लंगोटाची शिस्त, म्हणजे ब्रह्मचर्याचे पालन, यांवरही वस्तादाचीच नजर असते. या साऱ्याच्या मोबदल्यात त्याला पुरेसे वेतन क्वचितच मिळत आले. गुरुपौर्णिमेची भेट, पठ्ठ्याने मैदान मारल्यावर बांधला जाणारा फेटा आणि तालमीचे नाव राहिल्याचे समाधान, हीच बहुधा त्याची मिळकत ठरली.

१९४९ मध्ये कोल्हापूर संस्थान मुंबई राज्यात विलीन झाले आणि दरबारी आश्रयाचे युग संपले. गावोगावच्या यात्रांतील इनामी मैदाने, साखर कारखाने व सहकारी संस्थांची मदत आणि पुढे १९६१ पासून दिला जाऊ लागलेला ‘महाराष्ट्र केसरी’ हा राज्यस्तरीय किताब यांनी कुस्तीला नवा आधार दिला. मात्र या आधारांचा लाभ तयार मल्लाला मिळे, घडत असलेल्या मुलाला नव्हे. ती मधली वर्षे सांभाळण्याचे काम वस्तादाकडे आणि त्याच्यासारख्या शिक्षकांकडेच राहिले. कराडजवळच्या गोळेश्वरचे खाशाबा जाधव यांचे उदाहरण या संदर्भात महत्त्वाचे आहे. कोल्हापूरच्या राजाराम महाविद्यालयात शिकत असताना त्यांना गोविंद पुरंदरे यांचे मार्गदर्शन लाभले, १९५२ मध्ये हेलसिंकी ऑलिंपिकला जाण्यासाठी पैसे कमी पडले तेव्हा प्राचार्य खर्डेकर यांनी आपले घर गहाण ठेवून सात हजार रुपये उभे केले आणि खाशाबांनी स्वतंत्र भारताचे पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक, बँटमवेट गटातील कांस्यपदक, मिळवले. त्या पदकामागे गुरुजनांचा असा त्याग उभा होता.

आयुष्यभराच्या वस्तादकीचे सर्वांत ठळक उदाहरण म्हणजे गणपतराव आंदळकर. सांगली जिल्ह्यातील शिराळा तालुक्यातल्या पुनवत गावी १९३५ मध्ये जन्मलेले आंदळकर तरुणपणी कोल्हापूरला आले आणि मोतीबाग तालमीत घडले. १९६० मध्ये त्यांनी पंजाबच्या खडकसिंगावर विजय मिळवून ‘हिंदकेसरी’ किताब पटकावला. १९६२ च्या जकार्ता आशियाई क्रीडास्पर्धेत त्यांनी सर्वांत वरच्या वजनगटात ग्रीको-रोमन प्रकारात, म्हणजे कमरेखाली पकड करण्यास मनाई असलेल्या कुस्तीत, सुवर्ण आणि मुक्त शैलीत रौप्य मिळवले. १९६४ मध्ये ते टोकियो ऑलिंपिकमध्ये खेळले आणि त्याच वर्षी अर्जुन पुरस्काराचे मानकरी ठरले. एवढ्या कीर्तीच्या बळावर निवृत्तीनंतरचे आयुष्य सत्कार-समारंभांत घालवणे त्यांना सहज शक्य होते. ते परतले मोतीबागेच्या आखाड्यात, आणि सप्टेंबर २०१८ मध्ये निधन होईपर्यंत ‘आबा’ या नावाने पिढ्यान्‌पिढ्यांच्या मल्लांचे आधारस्तंभ राहिले. ज्या तालमीने त्यांना घडवले, तिचे ऋण त्यांनी त्याच तालमीतल्या पुढच्या मुलांकडे फेडले.

त्यांच्या हाताखाली तयार झालेल्या मल्लांत दादू चौगुले यांचे नाव अग्रक्रमाने येते. चौगुले यांनी १९७० आणि १९७१ अशी सलग दोन वर्षे महाराष्ट्र केसरी किताब जिंकला आणि १९७४ च्या ख्राइस्टचर्च राष्ट्रकुल स्पर्धेत रौप्यपदक मिळवले. पुढे त्यांनीही गुरूचाच मार्ग धरला, मोतीबागेतच नव्या मुलांना धडे दिले आणि २०१८ मध्ये खेळातील जीवनगौरवासाठी तेव्हा दिला जाणारा ध्यानचंद पुरस्कार त्यांना मिळाला. एकाच आखाड्यात गुरू आणि त्याचा पठ्ठा असे दोघेही आयुष्यभर शिकवत राहावेत, यातून वस्तादकी हा एखाद्याचा वैयक्तिक गुण नसून रुजलेली रीत आहे, हे स्पष्ट होते.

ही रीत कोल्हापूरपुरती मर्यादित राहिली नाही. लातूर जिल्ह्यातून येऊन कोल्हापुरात नावारूपाला आलेले हरिश्चंद्र बिराजदार यांनी १९६९ मध्ये महाराष्ट्र केसरी किताब मिळवला आणि १९७७ मध्ये दिल्लीच्या सतपाल यांना हरवून देशभर नाव केले. पुढे त्यांनी पुण्याच्या गोकुळ वस्ताद तालमीत गुरूची भूमिका स्वीकारली आणि ‘मामा’ या आपुलकीच्या नावाने ते ओळखले जाऊ लागले. त्यांचे शिष्य काका पवार अर्जुन पुरस्काराचे मानकरी झाले आणि नंतर स्वतः प्रशिक्षक बनले. बीड जिल्ह्यातून आलेला राहुल आवारे आधी बिराजदारांच्या छत्रछायेत वाढला आणि २०११ मध्ये बिराजदारांचे निधन झाल्यावर पवारांच्या मार्गदर्शनाखाली पुढे गेला. २०१८ च्या गोल्ड कोस्ट राष्ट्रकुल स्पर्धेत सुवर्णपदक जिंकल्यावर त्याने ते आपल्या दिवंगत वस्तादांना अर्पण केले. गुरू गेल्यावरही शिष्य पोरका होत नाही, कारण गुरूचाच दुसरा शिष्य त्याला हाताशी धरतो, ही या परंपरेची खरी ताकद आहे.

या परंपरेला मर्यादाही होत्या आणि त्या नोंदवणे आवश्यक आहे. जुन्या तालमींची दारे मुलींना बंद होती. मातीवरच्या कुस्तीत प्रतिस्पर्ध्याला चीतपट करणे, म्हणजे त्याची पाठ जमिनीला टेकवणे, हेच उद्दिष्ट असल्याने गुणांवर आणि वेळेवर चालणाऱ्या गादीवरच्या आंतरराष्ट्रीय कुस्तीशी जुळवून घेण्यास अनेक तालमींना उशीर लागला. आता महाराष्ट्र केसरी स्पर्धेत माती आणि गादी असे दोन विभाग असतात व दोन्हींचे विजेते अंतिम फेरीत भिडतात. अनेक तालमींत आखाड्याशेजारी गादी आली आहे आणि मुलींसाठीही कुस्ती केंद्रे उभी राहिली आहेत. या बदलांत वस्तादाची गरज कमी झालेली नाही, कारण नवे नियम शिकवता येतात, परंतु घर सोडून आलेल्या मुलाला दहा वर्षे धीराने सांभाळणारा माणूस नियमांतून निर्माण होत नाही.

किताब मिळवलेल्या मल्लांना शासनाचे मानधन मिळते आणि त्यांची नावे अभिलेखांत राहतात. तालमीत उभे आयुष्य घालवणाऱ्या असंख्य वस्तादांच्या वाट्याला यांतले काहीच येत नाही, आणि त्यांचे ज्ञान त्यांच्याबरोबरच नाहीसे होते. महाराष्ट्राने आपल्या तालमींच्या गुरुशिष्य-वंशावळी, डाव शिकवण्याच्या पद्धती आणि वस्तादांच्या मुलाखती आता तरी पद्धतशीरपणे नोंदवून ठेवाव्यात आणि वयोवृद्ध वस्तादांना किताबधारी मल्लांच्या बरोबरीने मानधन द्यावे. पदक मल्लाच्या गळ्यात पडते हे योग्यच आहे, परंतु महाराष्ट्राची कुस्ती जिवंत ठेवण्याचे श्रेय प्रथम वस्तादाचे आहे.