इंटरनेट सेवेची दरआकारणी व सेवेचा दर्जा

जाळ्याची क्षमता मर्यादित असते आणि गर्दी एकाच वेळी होते. म्हणून दर ठरवताना महसुलाइतकाच गर्दीच्या नियंत्रणाचाही विचार करावा लागतो. वेळेनुसार, वापरलेल्या डेटानुसार, वेगानुसार किंवा ठरावीक मासिक शुल्क अशा पद्धती रूढ आहेत.

यातली सर्वांत कल्पक मांडणी गणितज्ञ अँड्र्यू ओडलिझ्को यांची. पॅरिसच्या मेट्रोत १९९१ पर्यंत पहिल्या वर्गाचे डबे होते. बाके तीच, पोहोचण्याची वेळही तीच. तिकीट मात्र महाग. महाग असल्यामुळेच तिथे गर्दी कमी आणि बसायला जागा मिळे. जाळ्याचेही असेच भाग पाडून वेगळे दर लावावेत, दर्जा आपोआप सुधारेल, असे त्यांनी सुचवले. कल्पना देखणी असली, तरी ग्राहकांना साधे, ठरलेले बिलच आवडते, हेही त्यांनीच पुढे दाखवून दिले.

भारतात १५ ऑगस्ट १९९५ रोजी सार्वजनिक इंटरनेट सुरू झाले, तेव्हा डायल-अपचे तास मोजले जात. आज रोजचा डेटा संपला की वेग एकदम उतरतो. चालू व्हिडिओ अडकतो, साधा संदेश मात्र जातो. म्हणजे ग्राहक पैसे मोजतो ते दर्जासाठीच.

दर्जानुसार दर वेगळा असणे समजण्यासारखे, पण मजकूर पाहून वेगळा दर लावणे अन्यायाचेच. ८ फेब्रुवारी २०१६ रोजी दूरसंचार नियामक ‘ट्राय’ने त्यावर बंदी घातली, निवडक संकेतस्थळे मोफत देणारी फेसबुकची ‘फ्री बेसिक्स’ सेवा भारतात थांबली. नियमभंगास दिवसाला ५०,००० रुपये दंड ठरला, कमाल ५० लाख. आणीबाणीच्या सेवांना सवलत देण्याची मुभा मात्र ठेवण्यात आली.