तोफचींचे मनोधैर्य (युद्धखेळातील)

शत्रूच्या तोफमाऱ्याखाली तोफ, उखळी तोफ किंवा मशिनगन चालवणाऱ्या तुकडीचा धीर कितपत टिकतो आणि कधी सुटतो, हे वॉरगेममध्ये ठरवणारे नियम. तोफ शाबूत असतानाही गप्प होऊ शकते, हा रणांगणावरचा अनुभव या नियमांच्या मुळाशी आहे. जून १९४३ मध्ये पँटेलेरिया या इटालियन बेटाने प्रचंड बॉम्बफेकीनंतर शरणागती पत्करली. तिथली पाहणी करणारे शास्त्रज्ञ सॉली झुकरमन यांना प्रत्यक्ष मोडलेल्या तोफा थोड्याच आढळल्या.

सुरुवातीच्या खेळांत ही जाण नव्हती. प्रशियाच्या राइसविट्झ यांनी १८२४ मध्ये मांडलेल्या ‘क्रीगश्पील’मध्ये फासे, नकाशा आणि पंच होते, पण भर हानीच्या तक्त्यांवर होता. एच. जी. वेल्स यांच्या ‘लिटल वॉर्स’मध्ये (१९१३) तोफेजवळ आपली किमान चार माणसे असली तरच ती चालते. माणूस आणि हत्यार यांचा हिशेब इथे वेगळा झाला, तरी माणसे भीत नव्हती. भीतीला तपशीलवार नियम मिळाले ते जॉन हिल यांच्या ‘स्क्वाड लीडर’मध्ये (१९७७) आणि १९८५च्या ‘ॲडव्हान्स्ड स्क्वाड लीडर’मध्ये.

या दुसऱ्या खेळात सैनिकांच्या प्रत्येक सोंगटीवर मनोधैर्याचा आकडा छापलेला असतो. समजा, तोफचींचा आकडा ८ आहे. जवळ गोळा पडला की दोन फासे टाकायचे. बेरीज ८ किंवा कमी आली तर तुकडी टिकली. ही शक्यता ३६ पैकी २६, म्हणजे सुमारे ७२ टक्के. मारा जबर असेल तर बेरजेत २ मिळवतात आणि शक्यता ४२ टक्क्यांवर येते. कणखर अधिकारी सोबत असला तर त्यातून १ वजा होतो, शक्यता ५८ टक्के होते. धीर सुटलेली तुकडी सोंगटी उलटवून दाखवतात. ती गोळी झाडू शकत नाही, आडोसा शोधत मागे हटते आणि तोफ जागीच राहते. भेदरलेल्या तुकडीला सावरताना बेरजेत आणखी ४ मिळवतात, म्हणून मारा चालू असेतो ती सहसा परतत नाही. तोफमाऱ्याचा खरा उपयोग या ४ मध्ये आहे: शत्रू मरो न मरो, आपले पायदळ पुढे सरकेपर्यंत त्याने मान वर काढू नये. सामाईक हत्यारावरचे लोक एकेकट्या शिपायापेक्षा जास्त टिकतात, असे अमेरिकी लष्करी इतिहासकार एस. एल. ए. मार्शल यांनी १९४७ मध्ये लिहिले. त्यांनी दिलेल्या आकडेवारीवर पुढे बरीच टीका झाली. तरीही या खेळात तोफचींचा आकडा साध्या पायदळापेक्षा बहुधा चढा असतो.

हे नियम पारखायला धाराशिव जिल्ह्यातला १३ सप्टेंबर १९४८चा दिवस फार उपयोगी आहे. हैदराबाद मुक्तीच्या कारवाईत मेजर जनरल जयंतनाथ चौधुरी यांचे भारतीय सैन्य सोलापूरहून निघाले. नळदुर्गला निजामाची पहिली हैदराबाद इन्फंट्री होती. भारताच्या सातव्या ब्रिगेडने झपाट्याने बोरी नदीवरचा पूल शाबूत ताब्यात घेतला आणि मग दुसऱ्या शीख पलटणीने हल्ला चढवला. पूल उडवण्याचे काम हैदराबादच्या बाजूच्या एका ब्रिटिश भाडोत्री सैनिकाकडे होते. तो पकडला गेला. माणूस नेमलेला होता, पण स्फोट झाला नाही. सकाळी नऊला रणगाडे जळकोटला आणि दुपारी सव्वातीनला उमरग्याला पोहोचले.

त्याच पहाटे तुळजापूरला मात्र वेगळे घडले. चाल करून आलेल्या दलात रणगाड्यांबरोबर नवव्या पॅरा फील्ड रेजिमेंटच्या तोफाही होत्या. समोर त्याच हैदराबाद इन्फंट्रीची तुकडी आणि निजामाच्या बाजूचे सुमारे २०० रझाकार, म्हणजे सशस्त्र स्वयंसेवक, होते. त्यांनी दोन तास झुंज दिली आणि मग शस्त्रे ठेवली.

एकाच पलटणीचे लोक, एकच सकाळ, पण पूल क्षणात गेला आणि गाव दोन तास लढले. पलटणीला एकच ठरीव आकडा देणारा खेळ हा फरक दाखवू शकत नाही. पुलावर प्रश्न सुरुंग वेळेत उडतो का, हा होता. अचानक गाठ पडली की मनोधैर्याच्या फाशाआधी आदेश पोहोचला का, याचा फासा टाकावा लागतो. नळदुर्गचा पट मांडणाऱ्याने सुरुंगाची तुकडी तोफचींसारखी स्वतंत्र सोंगटी धरावी, आणि तिचा धीर सुटल्यास पूल तोफेप्रमाणेच शाबूत शत्रूच्या हाती द्यावा.

मोठ्या पटावर मनोधैर्य एकेका तुकडीचे न धरता सबंध सैन्याचे धरतात. या मोहिमेत हैदराबादच्या सैन्याचे ते पाच दिवसांत संपले: १७ सप्टेंबरला निजामाने युद्धबंदी जाहीर केली आणि १८ तारखेला त्याचे सेनापती अल इद्रूस यांनी चौधुरींपुढे शरणागती पत्करली.