नवशिक्यांचा खेळ

स्नूकर या खेळाचे जन्मस्थान जबलपूर होय, ही गोष्ट आता बहुतेक सर्वत्र मान्य झाली आहे. परंतु त्या खेळाच्या नावाचा मूळ अर्थ 'नवशिका' असा आहे, याकडे मात्र सहसा कोणाचे लक्ष जात नाही. १८७५ सालच्या पावसाळ्यात जबलपूरच्या छावणीतील डेव्हनशायर पलटणीचे अधिकारी वेळ घालविण्यासाठी बिलियर्डच्या मेजाभोवती जमत. त्यांच्यांत नेव्हिल चेंबरलेन नावाचा एकोणीस वर्षांचा एक तरुण होता. (पुढे इंग्लंडचा पंतप्रधान झालेला चेंबरलेन तो हा नव्हे, नामसाम्यामुळे अनेकांची फसगत झाली आहे.) त्या काळी प्रचलित असलेल्या 'ब्लॅक पूल' नामक पैजेच्या खेळात या तरुणाने आणखी रंगीत चेंडूंची भर घातली, आणि खेळाला निराळेच वळण लागले.

नावाची कथा अशी. वुलविच येथील लष्करी विद्यालयात पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्यास तेथील बोलीत 'स्नूकर' म्हणत. ही माहिती एका तरुण पाहुण्या अधिकाऱ्याकडून चेंबरलेनच्या कानी पडली होती. पुढे एका सोबत्याचा चेंडू अगदी पॉकेटाच्या तोंडाशी चुकला, तेव्हा चेंबरलेनने त्याला भर मंडळीत 'स्नूकर' म्हटले. आणि त्या शब्दाचा अर्थ सांगून झाल्यावर, गृहस्थाचा राग शांत व्हावा म्हणून, या खेळात आपण सारेच स्नूकर आहोत, असेही जोडून दिले. तेच नाव खेळास चिकटले. १८८२ साली उटकमंडच्या क्लबात या खेळाचे नियम लिहून भिंतीवर लावण्यात आले. आणि पुष्कळ वर्षांनी, शोधाचे श्रेय भलत्यालाच दिले जाऊ लागले तेव्हा, वृद्ध चेंबरलेनने १९३८ साली 'फील्ड' या इंग्रजी साप्ताहिकास पत्र लिहून आपली बाजू मांडली.

आपल्या वाचकांपैकी ज्यांनी जबलपुरास नोकरीची काही वर्षे काढली असतील, त्यांनी भेडाघाटचे संगमरवरी कडे पाहुण्यांना अगत्याने दाखविले असतील. या दुसऱ्या स्थानमाहात्म्याचा उल्लेख मात्र क्वचितच केला असेल.

असो. आपल्यापुढचा प्रश्न निराळा आहे. हा नवशिका पारंगत होतो तो कसा? आपल्या क्लबांतून या बाबतीत एक सोयीचे मत रूढ आहे: हात उपजत असावा लागतो, नजर देवाने द्यावी लागते, आणि बाकी सारा सवयीचा भाग. खेळाचा इतिहास या मताला पाठिंबा देत नाही. तो असे दाखवितो की आपला फटका कसा पडतो हे खेळाडूला स्वतःला दिसत नाही, आणि ते त्याला दाखवून देणारे काही तरी किंवा कोणी तरी लाभले, तेव्हाच खेळ पुढे सरकला आहे.

प्रारंभी बिलियर्डचा चेंडू मारण्यासाठी आजची काठी नव्हती. 'मेस' नावाचे, टोकाला सपाट ठोकळा बसविलेले एक हत्यार असे, व त्याने चेंडू ढकलीत. चेंडू मेजाच्या कडेला चिकटून बसला की तो ठोकळा निरुपयोगी ठरे. मग खेळाडू हत्यार उलटे धरून त्याच्या शेपटाने फटका मारीत. फ्रेंच भाषेत शेपटीला 'क्यू' म्हणतात, आणि तेच नाव आजच्या काठीस मिळाले. पण ही नुसती लाकडी शेपटी चेंडूच्या मध्यावरून तसूभर सरकली की घसरत असे. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी मँगो नावाच्या फ्रेंच कप्तानाने तिच्या टोकास चामड्याची टिकली बसविली, खडूचाही प्रसार झाला, आणि खेळाडूस चेंडूच्या मध्याच्या डावी-उजवीकडे, वर किंवा खाली, हवे तेथे मारता येऊ लागले. चेंडू स्वतःभोवती फिरू लागला. कुशनवर आपटल्यावर अपेक्षित दिशा सोडून भलतीकडे वळू लागला. इंग्रज याला 'साइड' म्हणतात, आणि अमेरिकन लोक, का कोण जाणे, 'इंग्लिश' म्हणतात.

या चामड्याच्या टिकलीने खेळात जेवढे सामर्थ्य आणले, तेवढाच दोषही आणला. पूर्वी वाकडा फटका घसरत असे व सर्वांच्या डोळ्यांस दिसत असे. आता तो घसरेनासा झाला. आपण मध्यावरच मारले अशी खेळाडूची प्रामाणिक समजूत असे, आणि प्रत्यक्षात त्याने सुताएवढे बाजूला मारलेले असे. चेंडू पॉकेट सोडून गेला की तो मेजाला, हवेला किंवा नशिबाला बोल लावीत असे.

१८३५ साली कोरिओलिस या फ्रेंच गणितज्ञाने बिलियर्डवर एक संपूर्ण ग्रंथ लिहिला. वाऱ्यांच्या दिशेसंबंधी भूगोलाच्या पुस्तकांतून ज्याचे नाव येते, तोच हा. चेंडूच्या उंचीच्या दहा भागांपैकी सातव्या भागावर आडवा फटका बसला, तर चेंडू न घसरता पहिल्या क्षणापासून निव्वळ गडगडत जातो, हे गणिताने निष्पन्न होते. साधारण त्याच सुमारास लंडनच्या थर्स्टन या कारखानदाराने लाकडी पाटाऐवजी पाटीच्या दगडाचे मेज तयार केले व कडांना रबर बसविले. त्यामुळे मेज स्वतः पुष्कळसे निर्दोष झाले, आणि मेजाला बोल लावण्याची सोय खेळाडूस राहिली नाही.

मग मेजालाच परीक्षक करण्याची एक साधी युक्ती रूढ झाली. बारा फूट लांब व सहा फूट रुंद मेजाच्या मध्यरेषेवर तपकिरी, निळ्या, गुलाबी व काळ्या चेंडूंचे ठिपके एका ओळीत असतात. तपकिरी ठिपक्यावर पांढरा चेंडू ठेवावा, बाकीच्या ठिपक्यांवरून तो सरळ पलीकडच्या कुशनवर मारावा, आणि फटका मारल्यावर काठी जागची न हलविता थांबावे. फटका खरोखर मध्यावर बसला असेल तर चेंडू आल्या वाटेने परत येऊन काठीच्या टोकास लागतो. किंचित उजवीकडे बसला असेल तर कुशन त्याला उजवीकडे फेकते, डावीकडे बसला तर डावीकडे. जातानाच रेषा सोडली असेल तर मात्र दोष नेमाचा किंवा काठीच्या ओढीचा. दिसायला हा पोरखेळ आहे. पण ओळीने दहा वेळा करून पाहिल्यास भल्याभल्यांचा अभिमान उतरतो. आपल्याकडे संध्याकाळी क्लबात येणारा गृहस्थ नेमके हेच करावयास राजी नसतो. त्याला डाव हवा असतो. डाव खेळल्याने हात सैल होतो हे खरे. पण जो दोष हाताशी आहे तोच अधिक पक्का होतो, हेही तितकेच खरे.

मेज बोलते, पण कारण सांगत नाही. कोपर बाहेर गेले, खांदा हलला की डोके अगोदरच वर आले, हे दुसऱ्या माणसानेच पाहावे लागते. हिंदुस्थानातील क्लबांत व पलटणींच्या मेसमध्ये हे पाहणारा माणूस म्हणजे मार्कर. त्याचे अधिकृत काम गुण मांडण्याचे, चेंडू ठिपक्यावर ठेवण्याचे, मेजावरील बनातीस ब्रश व इस्त्री करण्याचे. जोडीदार नसला म्हणजे साहेबाबरोबर दोन डाव खेळण्याचेही काम त्याच्याकडेच येई. तो वर्षानुवर्षे त्याच मेजापाशी उभा असे. साहेब मात्र दर दोन-तीन वर्षांनी बदलत. एवढे फटके इतक्या जवळून पाहिलेला दुसरा माणूस त्या इमारतीत नसे. साहेबांचे कोपर कोठे चुकते हे त्याला पहिल्या संध्याकाळीच कळत असणार. ते कोणत्या शब्दांत सांगावे, आणि सांगावे की नाही, ही त्याची खरी विद्या.

यातील विसंगती लक्षात घेण्यासारखी आहे. ज्या क्लबांत हिंदी माणसास सभासद म्हणून प्रवेश नव्हता, तेथे सभासदांस खेळ शिकविणारा मात्र बहुधा हिंदीच होता. क्लबांच्या भिंतींवर अध्यक्षांची व विजेत्यांची नावे सोनेरी अक्षरांत लिहिलेली असतात. मार्करांची नावे कोठेच नाहीत. उटकमंडच्या नियमपत्राचा इतिहास सविस्तर सांगणाऱ्यांनीही त्या खोलीत चेंडू मांडणारा कोण होता, हे विचारलेले नाही.

उलटपक्षी, गोऱ्या गुरूस दरबारी मान होता. इंग्लंडचा अग्रगण्य खेळाडू जॉन रॉबर्ट्स (धाकटा) हिंदुस्थानात वरचेवर येई. जयपूरच्या महाराजांनी त्याला दरबारी बिलियर्डपटू म्हणून नेमले होते. १८८५ साली कलकत्त्यास कुचबिहारच्या महाराजांच्या मेजवानीत चेंबरलेनशी त्याची भेट झाली व स्नूकरचे नियम त्याने त्याच्याकडूनच समजून घेतले. हा खेळ विलायतेस पोहोचण्यास ही भेट कारण झाली असे म्हणतात.

अभ्यासाचा अतिरेकही या खेळाने पाहिला आहे. १९०७ साली टॉम रीस याने दोन चेंडू पॉकेटाच्या तोंडाशी अडकवून ठेवले आणि एकाच पाळीत, जवळजवळ पाच आठवडे, तोच एक इवलासा फटका मारीत ४,९९,१३५ गुण केले. पाळी संपली नाहीच. प्रेक्षक मात्र संपले असावेत. तो फटका लवकरच नियमबाह्य ठरला. केवळ पुनरावृत्ती म्हणजे अभ्यास नव्हे, याचे एवढे मोठे आकडेवार प्रमाण दुसऱ्या कोणत्या कलेत सापडेल असे वाटत नाही.

याच्या अगदी उलट उदाहरण ऑस्ट्रेलियाच्या वॉल्टर लिंड्रमचे. लहानपणीच्या अपघातात त्याच्या उजव्या हाताच्या तर्जनीचे टोक गेले. म्हणून बापाने त्याला डावखुरा खेळाडू केले. बाप स्वतः कसलेला खेळाडू होता आणि कठोर शिक्षक होता. मुलाने दिवसचे दिवस मेजापाशी घालवावे आणि बापाने जवळ उभे राहून प्रत्येक फटका तपासावा, अशी त्या घरची शिस्त. १९३२ साली लंडनमध्ये लिंड्रमने एका पाळीत ४,१३७ गुण केले, तेव्हा प्रतिस्पर्धी जो डेव्हिस हा सुमारे तीन तास खुर्चीत बसून होता. नियमकर्त्यांना लिंड्रमसारख्यांच्या हातास आवर घालण्यासाठी नियमच बदलावा लागला.

खुर्चीत बसलेला हा डेव्हिसही सामान्य नव्हे. १९२७ पासून १९४६ पर्यंत स्नूकरचे जागतिक अजिंक्यपद त्याने कधी गमावले नाही. त्याची उजव्या डोळ्याची दृष्टी अधू होती. काठी हनुवटीच्या बरोबर मध्याखालून जावी, हा त्या वेळचा पाठ. डेव्हिसने आपली काठी डाव्या डोळ्याखालून नेली. पाठ्यपुस्तक मोडून आपल्या देहाला लागू पडेल असा फटका त्याने बसविला, आणि मग १९४९ साली स्वतःच पाठ्यपुस्तक लिहिले. माझ्या मते या खेळातील सर्वांत मोठा शोध हाच होय. शिकविणाऱ्याने दोष दाखवावा. पण दोष कोणता आणि त्या विशिष्ट माणसाचा स्वभाव कोणता, हा विवेक त्याला असला पाहिजे.

आपल्याकडे ही परंपरा मार्करांच्या अबोल विद्येतून उघड्यावर आली, ती विल्सन जोन्स यांच्यापासून. १९२२ साली पुण्यास जन्मलेल्या या अँग्लो-इंडियन गृहस्थांनी १९५८ साली कलकत्त्यास हौशी बिलियर्डचे जागतिक अजिंक्यपद मिळविले. कोणत्याही खेळात वैयक्तिक जगज्जेता झालेला पहिला भारतीय म्हणून त्यांची गणना होते. १९६४ साली न्यूझीलंडमध्ये त्यांनी तेच पद पुन्हा जिंकले. राष्ट्रीय बिलियर्ड स्पर्धा त्यांनी बारा वेळा व स्नूकरची पाच वेळा जिंकली होती. नंतर ते शिकवू लागले, आणि १९९६ साली त्यांना द्रोणाचार्य पुरस्कार मिळाला. मेजापाशी उभे राहून दुसऱ्याचे कोपर पाहण्याच्या कामास या देशात प्रथमच एवढा सन्मान आणि एक नाव लाभले.

मधल्या काळात मुंबईच्या मायकेल फरेरा यांनी १९७८ साली हौशी खेळाडूंत प्रथमच एका पाळीत हजारांचा टप्पा ओलांडून १,१४९ गुण केले, आणि गीत सेठी यांनी १९९२ साली व्यावसायिक जगज्जेतेपद मिळविले. पुण्यातच जन्मलेला पंकज अडवानी मात्र बंगळूरला वाढला. तेथे माजी राष्ट्रीय विजेते अरविंद सवूर यांनी त्याचा हात घडविला. २००३ साली चीनमधील जियांगमेन येथे तो चेंबरलेनच्या त्या नवशिक्यांच्या खेळाचा हौशी जगज्जेता झाला. त्याच वर्षी विल्सन जोन्स मुंबईस निवर्तले.