माध्यमाचा वाद : मुंबई, १८४७

इंग्रजीच्या जगभरातील प्रसाराचा विषय निघाला की मेकॉलेच्या १८३५ च्या टिपणाचा उल्लेख हटकून होतो. त्या टिपणानंतर साऱ्या हिंदुस्थानाने इंग्रजी माध्यम निमूटपणे स्वीकारले, असा समज त्यामुळे रूढ झाला आहे. मुंबई इलाख्याचा इतिहास मात्र निराळा आहे.

गव्हर्नर एल्फिन्स्टन (१८१९-१८२७) यांच्या काळापासून या इलाख्यात देशी भाषांतून शिक्षण देण्यावर भर होता. बॉम्बे नेटिव्ह एज्युकेशन सोसायटीने मराठी व गुजराती पाठ्यपुस्तके तयार करवून घेतली. तिचे चिटणीस जॉर्ज जर्व्हिस या लष्करी अभियंत्याने गणितावरील ग्रंथ मराठीत आणले. १८३१ साली मोल्सवर्थ यांचा मराठी-इंग्रजी कोश प्रसिद्ध झाला. नव्या विद्यांसाठी मराठी भाषा सज्ज होऊ लागली होती.

१८४० साली शिक्षणाचा कारभार बोर्ड ऑफ एज्युकेशनकडे आला आणि १८४३ साली न्यायमूर्ती सर अर्स्किन पेरी त्याचे अध्यक्ष झाले. निधी अपुरा आहे, देशी भाषांत ग्रंथ नाहीत, भाषांतरे खर्चाची आहेत. म्हणून निवडक वर्गाला इंग्रजीतून उत्तम शिक्षण द्यावे, असे त्यांचे मत होते. हे मत मंडळातील जगन्नाथ शंकरशेट, फ्रामजी कावसजी व महंमद इब्राहिम मकबा या तिन्ही भारतीय सदस्यांना मान्य नव्हते. जर्व्हिस हेही त्यांच्या बाजूने उभे राहिले. १८४७ साली हा मतभेद लेखी टिपणांतून विकोपाला गेला.

नाना शंकरशेट इंग्रजीचे विरोधक नव्हते. इंग्रजी शिक्षणाच्या संस्थांना त्यांचाच मोठा आधार होता. पाश्चात्त्य विद्या या देशात यावी, याविषयीही दोन्ही पक्षांत एकमत होते. वाद होता तो त्या विद्येच्या वाटेविषयी. इंग्रजी नीट शिकण्यास लागणारी वर्षे व सवड थोड्यांनाच लाभते. बहुजनसमाजापर्यंत ज्ञान न्यायचे तर ते त्याच्याच भाषेतून नेले पाहिजे, अशी नानांची भूमिका होती. ‘इंग्रजी शिकणे’ आणि ‘इंग्रजीतून शिकणे’ या दोन भिन्न गोष्टी आहेत, हे त्यांनी ओळखले होते.

१८४८ साली सरकारने मध्यम मार्ग काढला. सर्वसामान्य शिक्षण देशी भाषांतून व उच्च शिक्षण इंग्रजीतून, ही विभागणी पुढे १८५४ च्या वुडच्या खलित्यातही कायम राहिली. वरकरणी ती न्याय्य होती. परंतु प्रतिष्ठा आणि नोकरी वरच्या पायरीवर असल्याने खालची पायरी आपोआप दुय्यम ठरली. १८५७ साली स्थापन झालेल्या मुंबई विद्यापीठाच्या उच्च परीक्षांतून काही वर्षांतच मराठी वगळली गेली. तिला पुन्हा स्थान मिळावे म्हणून न्यायमूर्ती रानडे यांना आयुष्याच्या अखेरपर्यंत झगडावे लागले.

हा प्रश्न एका इलाख्यापुरता राहिला नाही. इंग्रजी जिथे जिथे पोहोचली, तिथे तो उभा राहिला. मलेशियाने २००३ साली गणित व विज्ञान इंग्रजीतून शिकवण्यास प्रारंभ केला आणि २००९ साली ते धोरण मागे घेण्याचे ठरवले. मुलाच्या शिक्षणाचे सर्वोत्तम माध्यम मातृभाषा होय, असा निर्वाळा युनेस्कोच्या तज्ज्ञांनी १९५३ सालीच दिला होता.

स्वतंत्र भारताने १९५६ साली राज्यघटनेत अनुच्छेद ३५०-क समाविष्ट केला. भाषिक अल्पसंख्याकांच्या मुलांना प्राथमिक शिक्षण मातृभाषेतून मिळण्याची सोय राज्यांनी करावी, असे तो सांगतो. महाराष्ट्राबाहेरील मराठी शाळांना या तरतुदीचा आधार आहे. परंतु केवळ कायद्याच्या बळावर शाळा टिकत नाहीत. तेथील पालकांपुढे राज्यभाषा, हिंदी आणि इंग्रजी अशा तीन भाषांची निकड असते, आणि ती खोटी नाही. अशा पालकांची समजूत इंग्रजीला नावे ठेवून पटत नाही. मराठीतून शिकलेले मूल इंग्रजीही उत्तम शिकते, हे वर्गात दाखवून द्यावे लागते. नाना शंकरशेट यांचे टिपण दप्तरात राहिले. त्याचे खरे उत्तरपक्ष अशा शाळांच्या वर्गखोल्यांतून रोज लिहिले जात असतात.