गरोदरपणातली सूज: साधी कोणती, धोक्याची कोणती?

सातव्या-आठव्या महिन्यात संध्याकाळी चपला घट्ट होतात, जोडवी रुतायला लागतात. अंगातलं रक्त-पाणी वाढलेलं असतं, त्यात गर्भाशयाचा दाब पायांतून वर जाणाऱ्या शिरांवर पडतो. ही सूज रात्रीच्या झोपेनंतर बहुधा ओसरते. पाय उशीवर ठेवून डाव्या कुशीवर पडावं. पाणी मात्र कमी करू नये. जोडवी वेळीच काढलेली बरी, नाहीतर पुढे कापावी लागतात. यात अपशकुन कसला?

चेहरा आणि हात एकाएकी सुजले, डोकं ठणकलं, डोळ्यांपुढे अंधारी आली किंवा बरगडीखाली दुखलं, तर त्याच दिवशी दवाखाना गाठावा. पाच महिन्यांनंतर रक्तदाब 140/90 किंवा वर गेला, तर हा प्रीएक्लॅम्प्सिया असू शकतो. त्यात झटके येऊन आई-बाळ दोघांच्या जिवावर बेततं. वाढलेला रक्तदाब अनेकदा जाणवतच नाही, म्हणून प्रत्येक तपासणीत तो मोजून घ्यावा, लघवीही तपासावी. ‘सूज सगळ्यांनाच येते’ म्हणत घरच्यांनी दिवस ढकलू नयेत. बाळंतपणानंतरही काही आठवडे हा धोका राहतो. रात्री-अपरात्री 108 वर फोन करावा. कर्नाटक, गोवा, महाराष्ट्र, तिन्हीकडे नंबर तोच.